कार्ल म्योबियस: कालवं मोजणाऱ्या मास्तरांना 'जीवसमुदाय' कसा सापडला?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

पर्यावरणशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत कार्ल म्योबियसच्या वाट्याला एकच ओळ येते: 'बायोसीनोसिस' (एका जागी एकत्र नांदणाऱ्या जीवांचा समुदाय) हा शब्द त्याने १८७७ साली वापरला. विद्यार्थी शब्द आणि साल पाठ करतात आणि पुढे जातात. माझ्या मते हा त्या माणसावर अन्याय आहे. त्याचं खरं काम शब्द घडवणं नव्हतं, हिशोब मांडणं होतं.

थोडक्यात पार्श्वभूमी देतो. श्लेस्विग-होल्स्टाइनचा किनारा १८६४च्या युद्धानंतर डेन्मार्ककडून गेला आणि १८६७ साली प्रशियात सामील झाला. झ्युल्ट, आमरुम आणि फोर या बेटांच्या आसपास कालवांचे (ऑयस्टरचे) जुने पट्टे, म्हणजे तळावरच्या दाट वस्त्या होत्या, त्या आता प्रशियाच्या ताब्यात आल्या. तिकडे फ्रान्समध्ये व्हिक्टर कोस्तच्या कृत्रिम कालवशेतीचा मोठा गाजावाजा सुरू होता. मग सरकारने कील विद्यापीठात नुकत्याच रुजू झालेल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला, म्हणजे म्योबियसला, विचारलं की आपल्या किनाऱ्यावर हे जमेल का. त्याने फ्रान्स आणि इंग्लंडचे किनारे पाहिले, आपले पट्टे खरवडून तपासले आणि १८७० साली अहवाल दिला. १८७७ साली 'डी आउस्टर उंड डी आउस्टर्नविर्टशाफ्ट' म्हणजे 'कालव आणि कालवांचं अर्थकारण' हे पुस्तक आलं. उत्तर होतं 'जमणार नाही'. हे 'नाही' पटवून देताना जी कारणं सांगावी लागली, त्यांतून जीवसमुदायाची कल्पना निघाली.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्याचा हिशोब नेमका काय होता? दोन, त्याचं 'नाही' पुढे खरं ठरलं का? तीन, आपल्या कोकणातल्या खडकांवरच्या कालवांना तीच पद्धत लावायची तर कशी लावावी?

ओहोटी

हाच का तो पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवणारा?

खाडीकाठ

नाही. पट्टीवाला आउगुस्ट फेर्डिनांड म्योबियस (१७९०-१८६८), लाइप्झिगचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. आपला कार्ल आउगुस्ट म्योबियस, जन्म ७ फेब्रुवारी १८२५, गाव आयलेनबुर्ग, मृत्यू १९०८, बर्लिन. दोघांच्या नावात 'आउगुस्ट' असल्याने घोटाळा होतो.

पाटी_पेन्सिल

चरित्रातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. हा माणूस आधी प्राथमिक शाळेचा मास्तर होता. अध्यापनाचं शिक्षण घेऊन १८४४ ते १८४९ त्याने हार्त्सच्या डोंगराळ भागातल्या झेसेन गावी शिकवलं. मग निसर्गसंशोधक हुम्बोल्टच्या लेखनाची ओढ त्याला बर्लिनला घेऊन गेली आणि चोविसाव्या वर्षी त्याने विद्यापीठातला अभ्यास सुरू केला. १८५३ पासून हाम्बुर्गच्या योहानेउम या शाळेत प्राणी, वनस्पती, खनिजं, भूगोल, भौतिक, रसायन असे सगळेच विषय शिकवले. डॉक्टरेट हाले विद्यापीठाची आणि तीही १८६८ साली, म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर लगेच कीलला प्राध्यापकपद.

शाळेची सवय त्याच्या लिखाणात जागोजागी दिसते. आधी वस्तू दाखवायची, मग तिचे भाग, मग मोजमाप आणि नाव सगळ्यात शेवटी. 'बायोसीनोसिस' शब्दसुद्धा पुस्तकात पहिल्या पानावर येत नाही. कालवाचं शरीर, वाढ, शत्रू, तळ, प्रवाह हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो की या एकत्र नांदण्याला शास्त्रात नाव नाही, मी देतो. ग्रीक 'बिओस' म्हणजे जीवन आणि 'कोइनोस' म्हणजे सामाईक.

तिसऱ्या_मसाला

हिशोबाचं मी सांगतो, कारण पुस्तकाचा कणा तोच आहे.

युरोपातलं चपटं कालव, ऑस्ट्रिआ एड्युलिस, अंडी बाहेर सोडत नाही. मादी अवस्थेतलं कालव ती कवचाच्या आत, कल्ल्यांजवळ सांभाळतं. सुरुवातीला पिल्लांचा गोळा पांढरा दिसतो, पिल्लांना कवच येऊ लागलं की करडा आणि मग काळपट होतो. त्यानंतर पिल्लं पाण्यात सुटतात. त्या वेळी त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. आठवडा-दोन आठवडे तरंगून ती एखाद्या स्वच्छ, टणक पृष्ठभागाला कायमची चिकटतात.

आता आकडे. १००० पूर्ण वाढलेली कालवं घ्या. त्यातली एका हंगामात निदान ४४ टक्के पिल्लं देतात असं त्याने धरलं, म्हणजे ४४०. प्रत्येकी साधारण १० लाख पिल्लं, म्हणजे ४४ कोटी. आणि पट्ट्यांच्या सरकारी तपासण्यांच्या नोंदींप्रमाणे १००० मोठ्या कालवांमागे अर्धवट वाढलेली कालवं सापडत ४२१. भागाकार करून बघा, ४४ कोटी भागिले ४२१, म्हणजे सुमारे १० लाख ४५ हजार. एक कालव अर्ध्या वयापर्यंत पोचायला साडेदहा लाख पिल्लं खर्ची पडतात.

यातून त्याने जो निष्कर्ष काढला तो आजही ताजा आहे. पिल्लं कमी पडतात म्हणून पट्टे ओस पडत नाहीत. चिकटायला जागा, खायला अन्न आणि शत्रूंपासून सुटका या तीन गोष्टी मर्यादित असतात. तेव्हा 'आणखी पिल्लं सोडा' हा उपाय मुळातच चुकीच्या जागी आहे.

नीलकंठ_दा

तिसऱ्या_मसाला, एक दुरुस्ती. त्या हिशोबात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्या आहेत. ४४ कोटी ही एका वर्षाची पिल्लं. ४२१ ही 'अर्धवट वाढलेली' कालवं, आणि ती एकाच वर्षाची असतीलच असं नाही. दोन-तीन वर्षांची पिढी त्या गटात मिसळलेली असणार. एका वर्षाच्या पिल्लांमागची खरी संख्या ४२१ पेक्षा कमी येईल, म्हणजे गळती त्याने सांगितली त्याहूनही जास्त. शिवाय तपासणी ड्रेजने व्हायची. लोखंडी चौकटीला खालून लोखंडी कड्यांची जाळी, वरून जाड दोऱ्याचं जाळं, आणि होडीमागून ते तळावर ओढायचं. कड्यांच्या भोकातून बारीक कालवं निसटतात. त्यामुळे लहान-मोठ्यांचं प्रमाण हे पट्ट्याचं असतं तेवढंच जाळ्याचंही असतं.

तिसऱ्या_मसाला

मान्य. गटाची सरमिसळ आणि जाळ्याची निवड या दोन्ही मर्यादा खऱ्या आहेत, आणि त्या उलटसुलट दिशांना ओढतात. जाळ्यातून बारीक निसटली तर ४२१ हा आकडा कमी येतो, पिढ्या मिसळल्या तर जास्त येतो. पण अर्धवट वाढलेली कालवं दुप्पट धरा किंवा निम्मी, उत्तर लाखांतच राहतं. त्याच्या मुद्द्याला तेवढं पुरतं.

रेतीचा_बंगला

फ्रान्समध्ये जमलं आणि जर्मनीत का नाही, हे कुणीतरी नीट सांगा. दोन्हीकडे कालव तेच ना?

ओहोटी

+१. हाच प्रश्न माझाही.

खाडीकाठ

कालव तेच, समुद्र वेगळा.

कोस्तने १८५८ साली ब्रिटनीतल्या सँ-ब्रिये उपसागरात बाहेरून आणलेली मोठी कालवं तळावर पसरली आणि वर फांद्यांच्या मोळ्या दगड बांधून टांगल्या. पहिल्या वर्षी फांद्या पिल्लांनी लगडल्या आणि त्याच बातमीने सगळा युरोप भारावला. पण उपसागर उघडा होता. वादळांनी मोळ्या उचकटल्या, गाळ बसला आणि काही वर्षांत सगळं संपलं.

फ्रान्समध्येच आर्काशाँला मात्र जमलं. ते जवळजवळ बंदिस्त खारं तळं आहे, तोंड अरुंद, आत लाटा नाहीत, हिवाळा सौम्य. तिथे मातीची अर्धगोल कौलं वापरात आली आणि त्यांवर चुना-वाळूचा थर द्यायची युक्ती सापडली. हा थर का? कोऱ्या कौलाला चिकटलेलं पिल्लू सोडवायला गेलं की त्याचं खालचं कवच फुटतं. चुन्याचा थर मात्र पिल्लासकट खपलीसारखा सुटतो. थर फार घट्ट झाला तर सुटत नाही, फार भुसभुशीत झाला तर पिल्लांसकट पाण्यातच गळतो. कौलं कधी ठेवायची यातही चूक होते. फार लवकर ठेवली तर त्यांवर शेवाळाचा आणि गाळाचा बुळबुळीत थर येतो, बार्नॅकल (खडकाला चिकटणारे छोटे कवचधारी प्राणी) जागा अडवतात आणि कालवाच्या पिल्लाला स्वच्छ पृष्ठभाग उरत नाही. उशीर केला तर पिल्लांचा थवा निघून गेलेला असतो.

आता झ्युल्टचा किनारा बघा. भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर, चहूकडे उघडी पडणारी चिखल-रेतीची मैदानं आणि त्यांतून सुसाट प्रवाहाचे नाले. नैसर्गिक पट्टे नेमके नाल्यांच्या उतारांवर होते. प्रवाह गाळ बसू देत नाही आणि ओहोटीलाही वर पाणी राहतं, म्हणून. मैदानावर कौलं मांडाल तर उन्हाळ्यात गाळ चढेल आणि हिवाळ्यात बर्फ. कडक थंडीत मैदानांवर बर्फाच्या लाद्या तयार होतात, भरतीबरोबर उचलल्या जातात आणि खालचं सगळं खरवडून नेतात. आडोशाची खाडी नाही, बांध घालून तळी करावीत तर वादळी भरती त्यांवरून जाते. त्याचं 'नाही' अशा एकेका कारणावर उभं आहे.

क्षारमापी

बाल्टिकचं राहिलं. कीलच्या दारातच बाल्टिक, तिथे कालवं का लावू नयेत असंही तेव्हा विचारलं जात होतं. कारण मिठाचं. उत्तर समुद्राच्या किनाऱ्याला क्षारता हजारी ३० च्या आसपास, कीलच्या उपसागरात हजारी १५ ते २०, पूर्वेला बोर्नहोम बेटापलीकडे हजारी ७-८. चपट्या कालवाला एवढं गोडं पाणी मानवत नाही.

याचा उत्तम दाखला डेन्मार्कचा लिमफ्योर्ड. तो पश्चिमेकडून वाळूच्या बांधाने बंद होता आणि पाणी निमखारं होतं. फेब्रुवारी १८२५च्या महापुराने तो बांध फोडला, उत्तर समुद्राचं खारं पाणी आत आलं आणि पुढच्या काही दशकांत तिथे कालवांचे पट्टे तयार झाले. कुणी लावले नाहीत, फक्त पाणी बदललं. (बांध फुटला त्याच आठवड्यात म्योबियस जन्मला, हा योगायोग मला फार आवडतो.)

'युरीहेलाइन', 'स्टेनोहेलाइन', 'युरीथर्मल', 'स्टेनोथर्मल' हे शब्दही त्याच्याच नावावर आहेत. विस्तृत किंवा अरुंद क्षारता-तापमान सोसणारे जीव अशी ही विभागणी. १८७० साली कीलमध्ये जर्मन समुद्रांच्या शास्त्रीय तपासणीसाठी आयोग नेमला गेला, त्यात व्हिक्टर हेन्सन, हाइनरिश आडोल्फ मायर आणि म्योबियस होते. 'पोमेरानिया' जहाजावरून १८७१ साली बाल्टिकची आणि १८७२ साली उत्तर समुद्राची पाहणी झाली. पूर्वेकडे जावं तसं बाल्टिकमधल्या जातींची संख्या घटत जाते आणि त्याच जातीची शिनाणी (खाण्याजोगे लांबट शिंपले) बारीकच राहतात. ही उतरती भांजणी समोर असल्याशिवाय ते शब्द सुचले नसते.

मालवणी_मासोळी

शिनाण्यांचा विषय निघालाच आहे तर कीलजवळच्या एलरबेकच्या कोळ्यांची शेती सांगायलाच हवी. म्योबियसने तिचं वर्णन केलंय. कालवाला 'नाही' म्हणणारा माणूस शिनाण्यांना 'हो' म्हणत होता, हे लोक विसरतात.

पद्धत अशी. आल्डरची (ओलसर जागी वाढणाऱ्या एका वृक्षाची) झाडं घ्यायची, बारीक डहाळ्या छाटून जाड फांद्या ठेवायच्या, बुंध्याला टोक काढायचं आणि त्यावर लावल्याचं साल कोरायचं. मग होडीतून नेऊन काही मीटर खोल पाण्यात तळात रोवायची. शिनाण्यांची पिल्लं आपोआप येऊन बसतात, बी पेरावं लागत नाही. तीन ते पाच वर्षांनी झाड उपसून शिनाणी काढायची, तीही हिवाळ्यात, कारण तेव्हा मांस भरलेलं असतं. पाणी गोठलं तर बर्फाला भोक पाडून.

साल कोरण्यामागे हिशोब आहे. लवकर उपसलं तर माल बारीक निघतो. उशीर झाला तर लाकूड किड्यांनी आणि पाण्याने कमकुवत होतं, वजनाने फांदी मोडते आणि माल चिखलात पडतो. शिनाणं चिखलात पडलं की गुदमरून जातं.

ही शेती तिथे चालली कारण शिनाणं कमी क्षारता सोसतं, आणि फांदीवर असल्याने गाळापासून आणि तळाच्या ताराशत्रूंपासून उंच राहतं. आज आपल्याकडे दोरीवर हिरवी शिनाणी वाढवतात त्यामागचं तत्त्वही हेच.

ओहोटी

'ताराशत्रू' शब्द छान घडवलात, तारामाशाला शोभतो!

नीलकंठ_दा

आता वादाचा मुद्दा. म्योबियसला काही ठिकाणी 'पर्यावरणशास्त्राचा जनक' म्हणतात, ते मला पटत नाही. 'ओकोलोगी' (इकॉलॉजी) हा शब्द जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ साली दिला. वनस्पतींच्या समुदायांचं शास्त्र डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ वार्मिंगने १८९५च्या ग्रंथात बांधलं. आणि म्योबियसच्या कल्पनेत समतोलावर फार भर आहे. प्रत्येक समुदायाची एक ठरलेली कमाल संख्या, अन्न आणि जागा यांनी बांधलेली, आणि बिघाड झाला तरी समुदाय पुन्हा पूर्ववत होतो अशी धारणा. पुढे समुदाय म्हणजे जणू एकच महाजीव, अशी जी भाषा आली तिची बीजं इथे आहेत.

खाडीकाठ

नीलकंठ_दा, पहिला भाग मान्य. जनक-बिनक नको. पण हेकेलचा शब्द आला तेव्हा त्याच्यामागे एकाही जागेचं मोजमाप नव्हतं. म्योबियसने एक जागा घेतली आणि तिथले सगळे रहिवासी, त्यांचं अन्न, तळ, तापमान, क्षारता आणि माणसाची ड्रेज हे सगळं एका हिशोबात आणलं.

समतोलाबद्दल मात्र पुस्तक पुन्हा वाचा अशी विनंती. फ्रान्समधल्या कांकाल, रोशफोर, मारेन आणि ओलेराँच्या पट्ट्यांचं उदाहरण त्याने दिलंय. तिथे बेसुमार उपसा झाला, मोकळ्या जागेत कॉकल शिंपले आणि शिनाणी घुसली, आणि मग कालवांना जागाच राहिली नाही. आधीचा समुदाय परत आला नाही, दुसराच आला. हे 'आपोआप पूर्ववत' नव्हे. त्याने कारणंही मानवी दाखवली: रेल्वे आली, दूरच्या शहरांत ताजा माल पोचू लागला, भाव चढले, आणि पट्ट्याच्या वाढीपेक्षा उपसा जास्त झाला. पुस्तकाच्या नावात 'अर्थकारण' आहे ते उगाच नाही.

नीलकंठ_दा

कांकालचा दाखला वजनदार आहे. एका स्थिर अवस्थेतून दुसऱ्या स्थिर अवस्थेत उडी, असं आजच्या भाषेत म्हणता येईल. 'महाजीव' हा आरोप मागे घेतो. तो त्याच्यापेक्षा त्याच्या वाचकांवर जास्त लागू आहे.

पाटी_पेन्सिल

वाचकांवरून आठवलं, दोन नावं नोंदवून ठेवा. फ्रीडरिश डाल हा म्योबियसचा कीलचा विद्यार्थी. 'बायोटोप' हा शब्द त्याने १९०८ साली दिला, म्हणजे गुरूने समुदायाला नाव दिलं आणि शिष्याने त्याच्या घराला. दुसरा फ्रीडरिश युंगे, कीलचा शाळामास्तर. म्योबियसची व्याख्यानं ऐकून त्याने १८८५ साली 'गावतळं: एक जीवसमुदाय' या अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. तोवर शाळेत प्राणी वर्गवार शिकवत, आधी सस्तन, मग पक्षी. युंगेने एक तळं घेतलं आणि त्यातली बदकं, बेडूक, पाणकिडे, वनस्पती यांची एकमेकांत गुंतलेली घडण शिकवली. जर्मन शाळांमधलं जीवशास्त्र त्याने बदललं. मास्तरकीतून निघालेली कल्पना शेवटी शाळेतच परत गेली.

सागरगोटा

कालवांपलीकडचा म्योबियस कुणी सांगतंय का? त्याने १८७४-७५ मध्ये मॉरिशस आणि सेशेल्सचा दौरा केला होता. मॉरिशसच्या मराठी मंडळींना हे आवडेल.

गिरगावकर_दूरदेशी

मॉरिशसचा दौरा पोवळ्यांच्या खडकांवरच्या प्राण्यांसाठी होता, त्यावरचा ग्रंथ १८८० साली आला. त्यात फोरामिनिफेरा या अतिसूक्ष्म कवचधारी जीवांवरचा भाग त्याने स्वतः लिहिला, आणि त्या अभ्यासाचा उपयोग एका वेगळ्याच भांडणात झाला.

कॅनडाच्या अतिप्राचीन खडकांत भूशास्त्रज्ञ डॉसनने १८६०च्या दशकात 'इओझून कॅनाडेन्स' नावाचा जीवाश्म जाहीर केला होता. पृथ्वीवरचा सर्वांत जुना प्राणी, अवाढव्य फोरामिनिफेरा, असा दावा. ब्रिटनमध्ये विल्यम कार्पेंटर बाजूने, आयर्लंडचे किंग आणि रोनी विरोधात. म्योबियसने नमुन्यांचे पातळ छेद घेऊन खऱ्या फोरामिनिफेरांच्या कवचांशी एकेक रेघ ताडून पाहिली. खऱ्या कवचातल्या नळ्या ठरावीक रुंदीच्या आणि ठरावीक दिशेने कप्प्यांतून बाहेर जाणाऱ्या असतात. इओझूनमधल्या 'नळ्या' वेड्यावाकड्या, चपट्या, कुठेही सुरू होऊन कुठेही संपणाऱ्या. १८७८ साली त्याने निकाल दिला की ही खनिजांची रचना आहे, प्राणी नव्हे. पुढे १८९४ मध्ये व्हेसुव्हियसने बाहेर फेकलेल्या दगडांतही तशीच रचना सापडली आणि प्रश्न मिटला.

त्याच वर्षी, १८७८ मध्ये, उडणाऱ्या माशांवरही त्याचा लेख आहे. हे मासे पंख मारून उडत नाहीत, शेपटीच्या जोराने पाण्याबाहेर झेपावतात आणि ताणलेल्या परांवर तरंगत जातात, असं त्याने स्नायूंच्या रचनेवरून मांडलं.

काचपेटी

मत्स्यालयाबद्दल लिहितो. १८६०च्या दशकात हाम्बुर्गच्या नव्या प्राणिबागेत जर्मनीतलं पहिलं मोठं समुद्री मत्स्यालय उभं राहिलं, त्यात म्योबियसचा पुढाकार होता. ते चालवायला इंग्लंडचा विल्यम लॉइड आला. त्याची व्यवस्था आजही घरच्या खाऱ्या टाकीला लागू पडते: काचेच्या टाक्यांखेरीज जमिनीखाली एक मोठा, अंधारा साठा ठेवायचा आणि पाणी सतत त्यातून फिरवायचं. अंधारामुळे पाणी हिरवं होत नाही, जमिनीमुळे तापमान स्थिर राहतं आणि साठा मोठा असल्याने एखादा प्राणी मेला तरी सगळं पाणी नासत नाही. नवशिके साठा लहान ठेवतात आणि काच मोठी घेतात, तिथेच बिघडतं. आणखी एक: वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालायची, खाऱ्याने नाही. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून खारं घालत राहिलं तर क्षारता चढत जाते.

सागरगोटा

आणि बर्लिनचं निसर्गसंग्रहालय! इमारत बांधली गेली ती सगळे मजले लोकांना दाखवायचे या हिशोबाने. १८८०च्या दशकाच्या अखेरीस म्योबियस तिथे आला आणि त्याने ठरवलं की लोकांसाठी तळमजल्यावर निवडक, नीट मांडलेले नमुने, आणि बाकीचा प्रचंड साठा अभ्यासकांसाठी वर. १८८९ साली ते तसं उघडलं. हजार सारखे किडे एका ओळीत पाहून सामान्य माणूस थकतो, आणि अभ्यासकाला मात्र ते हजारही हवे असतात. एकाच मांडणीत दोघांचं भागत नाही हे ओळखायला शिकवण्याचा अनुभव लागतो. १९०५ पर्यंत तो तिथे होता, म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत.

रेतीचा_बंगला

सगळं वाचून ज्ञानात भर पडली, पण खाडीकाठ यांचा दुसरा प्रश्न अजून लटकतोय. त्याचं 'नाही' खरं ठरलं का?

क्षारमापी

दोन भागांत उत्तर देतो.

पट्ट्यांबद्दल तो बरोबर ठरला. त्याचा सल्ला होता: मोठ्या कालवांचा पुरेसा साठा तळावर ठेवा, बारीक परत टाका, पट्ट्यांना विश्रांती द्या, स्वच्छ शिंपल्यांचा थर राखा. उपसा आवरला गेला नाही आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मन वाडन समुद्रातलं (उत्तर समुद्राच्या या उथळ किनारपट्टीतलं) मूळचं चपटं कालव नाहीसं झालं. आता आल्फ्रेड व्हेगेनर ही जर्मन समुद्रसंशोधन संस्था हेल्गोलांड बेटावर त्याची पिल्लं वाढवून ते परत रुजवण्याच्या कामात आहे. तिथेही पहिला प्रश्न पिल्लांचा नसून पिल्लं टाकायची कुठे हा आहे. टणक तळ हवा आणि जाळी ओढणारी जहाजं नकोत.

शेतीबद्दलचं उत्तर जास्त रंजक आहे. १९८६ पासून झ्युल्टवर लिस्ट गावाजवळ कालवशेती चालते, पण जात पॅसिफिकची. कालवं जाळीच्या पिशव्यांत भरून लोखंडी घोड्यांवर (उंच चौकटींवर) ठेवतात, म्हणजे गाळापासून उंच. आणि हिवाळ्यात सगळ्या पिशव्या उचलून किनाऱ्यावर बंद इमारतीतल्या समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत नेतात, बर्फ लागू नये म्हणून. म्हणजे त्याने दाखवलेले दोन्ही अडथळे, गाळ आणि बर्फ, आजही तसेच आहेत. त्यांवरचा खर्च उचलणं मात्र आता शक्य झालंय.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९९१ मध्ये त्या जातीची कालवं शेतीबाहेर, शिनाण्यांच्या पट्ट्यांवर सापडली. उबदार उन्हाळ्यांत पिल्लं जोरात बसली आणि आज शिनाण्यांच्या जुन्या पट्ट्यांवर कालवांचे खडबडीत थर चढले आहेत. शिनाणी त्यांच्या फटींत राहतात. कांकालला कालवांची जागा शिनाण्यांनी घेतली होती, इथे उलट झालं.

मालवणी_मासोळी

आता तिसरा प्रश्न, आपल्या खडकांचा. आधी एक सावधगिरी: आपलं खडपातलं कालव, सॅकॉस्ट्रिआ, पिल्लं आत सांभाळत नाही. अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतं. त्यामुळे '४४ टक्के' आणि '१० लाख' हे आकडे इथे चिकटवू नका. घ्यायचा तर १००० मोठ्यांमागे किती लहान, हा प्रमाणाचा विचार घ्या.

काम असं करावं. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची खोल ओहोटी धरा, भांगाच्या (मंद भरती-ओहोटीच्या) दिवसांत खालचा पट्टा उघडाच पडत नाही. खडकाचे वरचा, मधला, खालचा असे तीन स्तर करा. प्रत्येक स्तरावर समुद्राला समांतर टेप अंथरा आणि २५ सें.मी. बाजूची चौकट यादृच्छिक आकड्यांवर ठेवा, दर स्तरावर निदान १०. डोळ्याला भरलेली जागा निवडलीत की आकडे फुगतात. चौकटीत चार रकाने: जिवंत मोठी, जिवंत लहान, नुकती बसलेली पिल्लं, रिकामी कवचं. मोठ्या-लहानाची सीमा आधी ठरवा, व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या सरकपट्टीने) बिजागरीपासून ओठापर्यंत मोजा आणि ती सीमा वर्षभर बदलू नका.

तिसऱ्या_मसाला

यात नेहमी होणाऱ्या चुका जोडतो. वरची झाकणी गेलेलं खालचं कवच खडकाला तसंच राहतं आणि घाईत ते जिवंत म्हणून मोजलं जातं. काडीने टोकून बघा. दाट गर्दीत कालवं एकमेकांवर वाढतात, त्यामुळे वरूनच मोजलं तर खालचा थर सुटतो. पण म्हणून फोडून मोजू नका, तेवढी जागा बार्नॅकल घेतील आणि पुढची मोजणी बिघडेल. 'फक्त वरचा थर' असं नोंदवा आणि दर वेळी तसंच मोजा. तिसरं, जिथे गावातल्या बायका कालवं काढतात तो खडक आणि जिथे कुणी पोचत नाही तो खडक, दोन्ही घ्या. तुलना त्याशिवाय होत नाही.

क्षारमापी

आणि दर मोजणीला क्षारता, तापमान. खाडीच्या तोंडाशी जुलै-ऑगस्टमध्ये क्षारता कोसळते आणि ऑक्टोबरनंतर चढते. फक्त हिवाळी सुट्टीत मोजलंत तर पावसाने काय मारलं ते दिसणारच नाही. मे अखेर, सप्टेंबर आणि जानेवारी, एवढ्या तीन फेऱ्या तरी हव्यात. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं हातातलं उपकरण) प्रत्येक फेरीआधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा. बाटलीतलं पिण्याचं पाणी त्याला चालत नाही.

रेतीचा_बंगला

पाण्याचा नमुना ओहोटीला घ्यायचा की भरतीला?

क्षारमापी

दोन्ही वेळी. खाडीत ओहोटीच्या तळाशी सर्वांत गोडं पाणी असतं आणि भरतीच्या माथ्याला सर्वांत खारं. कालवाला दोन्ही सोसावं लागतं, म्हणून दोन्ही टोकं लिहा. सरासरी काढलीत तर नेमकी मारक ती वेळ त्यात बुडून जाते.

खाडीकाठ

उत्तम. तीन स्तर, चार रकाने, तीन फेऱ्या आणि दोन वेळची क्षारता असा कोरा तक्ता करून याच धाग्यावर लावतो. गुहागर, रत्नागिरी, मालवण या बाजूंचं कुणी पुढच्या उधाणाला खडकावर जाणार असेल तर खडकाचं वर्णन आणि लहान-मोठ्याची सीमा किती धरणार ते इथे आधी लिहा, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील.